गीझर कमी दाखवतो, फ्रिज जास्त! घरच्या वीज-मापक बोर्डाचं काय करू?

उगाच उद्योगी | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, जरा मदत हवी आहे. डोकं पार भंजाळलंय.

लॉकडाऊनमध्ये शिकलेल्या सोल्डरिंगच्या जोरावर तीन वर्षांपूर्वी घरासाठी एक वीज-मापक बोर्ड केला होता. ईएसपी३२ (वाय-फायवाली छोटी कंट्रोलर चिप), मेन वायरवर चिमट्यासारखा बसणारा एससीटी-०१३-००० हा सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर), आणि व्होल्टेजसाठी बाजारात मिळतं ते निळ्या प्लॅस्टिकचं झेडएमपीटी१०१बी मॉड्यूल. झीरो बोर्डावर (भोकांच्या कोऱ्या सर्किट बोर्डावर) सगळं जोडून मीटरशेजारच्या लाकडी पेटीत बसवलं. सीटीच्या टोकांना ४७ ओहमचा बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा). कोड इमॉनलिबवर (वीज मोजायच्या तयार कोडवर) बेतलेला. मोबाइलवर ग्राफ येतो. घरातले सुरुवातीला हसले, पण नंतर "गीझर चालू राहिलाय का बघ रे" हे आईच मला विचारायला लागली.

गणपतीपासून त्याचं बिनसलंय. आत्ताचे आकडे असे:

गीझर (२००० वॅटचा) लावला की २२८ व्होल्ट, ७.४ अँपिअर, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॅट किती ते) ०.८७, म्हणजे १४६८ वॅट. पूर्वी १९५० च्या आसपास असायचा.

फ्रिज मात्र उलटा! मित्राकडून प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. त्यावर कॉम्प्रेसर चालू असताना ११८ वॅट. माझ्या बोर्डावर फ्रिज सुरू झाला की १४० ची उडी.

मला वाटलं कॅलिब्रेशन सरकलंय. म्हणून कोडमधला करंटचा आकडा ४२.५ वरून ५७.४ केला. गीझर झकास जुळला. तर फ्रिज १८९ दाखवायला लागला! परत ४२.५ वर आणलाय.

आणखी एक: घरातलं सगळं बंद केलं तरी ०.३५ अँपिअर दाखवतो. मोबाइलवरच्या एका चौकटीत तर ८० वॅट. भूत आहे का घरात?

मुक्काम सातारा. ऑसिलोस्कोप नाही. साधा मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे.

---

पणजीचा पंखा | रविवार, रात्री ९:३२

सरळ पीझेम-००४टी (तयार वीज-मापक) घे आणि मोकळा हो. व्होल्टेज, करंट, वॅट, युनिट, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी सगळं आयतं देतो, कॅलिब्रेशन कारखान्यातूनच झालेलं असतं. ईएसपीला सिरीयलने जोडला की काम तमाम. माझ्याकडे दोन वर्षं चाललाय. हे झेडएमपीटी म्हणजे डोक्याला ताप.

---

उगाच उद्योगी | रविवार, रात्री ९:४०

अहो, ते माहीत आहे. पण हे चाललं होतं ना तीन वर्षं! आता का बिघडलं ते कळल्याशिवाय झोप लागायची नाही. आयडी बघा माझा.

---

चिमटाबाई | रविवार, रात्री १०:०५

भुताचं आधी बघू, ते सोपं आहे.

सीटी वायरवरून काढ आणि हवेत लटकत ठेव. तरी ०.३५ दाखवतो का? दाखवत असेल तर दोष सीटीचा नाही, बोर्डावरचा आहे. मग १.६५ व्होल्टचा जो मधला बिंदू तयार केला असशील (दोन सारखे रेझिस्टर आणि एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर), त्या कपॅसिटरवर माझा संशय. एक तर त्याचा सोल्डर ड्राय झालाय, नाही तर तो वाळलाय. मग वाय-फाय पाठवताना ३.३ व्होल्टच्या लाइनवर जो खडखडाट होतो तो थेट मापनात येतो.

आणि ते ८० वॅट हे वॅट नाहीतच. ०.३५ गुणिले २२८ म्हणजे ८० व्होल्ट-अँपिअर. त्या चौकटीत तू नुसता गुणाकार दाखवतोयस. खऱ्या वॅटची चौकट बघ, तिथे दोन-तीनच असतील. खडखडाटाचा व्होल्टेजच्या लाटेशी काही मेळ नसतो, त्यामुळे खऱ्या पॉवरच्या सरासरीत तो एकमेकांना खाऊन टाकतो. नुसत्या करंटच्या हिशोबात (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) मात्र तो बेरीज होऊन बसतो.

बोर्डाला हात लावायच्या आधी मेन खाली. तुझा झेडएमपीटी २३० ला थेट जोडलेला आहे. मॉड्यूलच्या मागच्या बाजूला उघडे टाके असतात, तिथे बोट गेलं की संपलं.

---

उगाच उद्योगी | रविवार, रात्री १०:२१

बरोबर ताई! सीटी काढला तरी ०.३५. आणि खऱ्या वॅटच्या चौकटीत ३. उद्या कपॅसिटर बदलतो.

पण गीझर-फ्रिजचं काय? एक कमी, एक जास्त. एकाच आकड्याने दोन्ही कसे जुळणार?

---

निवृत्त टेस्टर | सोमवार, सकाळी ६:५०

नाहीच जुळणार. आणि ते जुळत नाहीत हीच तुमच्या धाग्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मी आयुष्यभर मीटर टेस्टिंगच्या कामात होतो. आता गुडघे टेस्ट करतो. तुमचे आकडे सकाळच्या चहाबरोबर कागदावर मांडले, ते असे.

तुमचा सीटी २००० वेढ्यांचा आहे, १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देतो. बर्डन ४७ ओहम. २००० भागिले ४७ म्हणजे ४२.५५. कोडमध्ये हाच आकडा यायला हवा. रेझिस्टर ५ टक्केवाला असला तरी तो साधारण ४० ते ४५ च्या बाहेर जाता कामा नये. तुम्ही ५७.४ वर गेलात तेव्हाच थांबायला हवं होतं. कॅलिब्रेशनचा आकडा इतका लांब पळाला की समजावं, कुठेतरी काहीतरी मोडलंय आणि आपण त्यावर पांघरूण घालतोय.

आता बघा. गीझर म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स. त्याचा पॉवर फॅक्टर १ असतो, ०.८७ कधीच नसतो. ०.८७ म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या लाटेत सुमारे ३० अंशांचं अंतर. आणि करंट किती पडलाय? ७.४ ला ०.८७ ने भागा, ८.५ येतात. २००० वॅटच्या गीझरला साधारण एवढाच यायला हवा. म्हणजे करंटही ०.८७ पट आणि पॉवर फॅक्टरही ०.८७. दोन वेगळे बिघाड एकाच प्रमाणात येत नाहीत. हा एकच बिघाड आहे.

सीटीच्या गाभ्यात फट पडली की असंच होतं. मेन वायरचा करंट थोडा गाभ्याला चुंबकित करण्यात खर्च होतो, उरलेला बर्डनकडे येतो. फट नसताना हा खर्च नगण्य. फट पडली की तो वाढतो, आणि तो ९० अंशांवर असल्यामुळे उरलेला करंट लहान तर होतोच, शिवाय पुढे सरकतो. जितका सरकतो त्या कोनाच्या कोसाइनइतकाच लहान होतो. ३० अंशांचा कोसाइन ०.८७. तुमचा गीझर दोनदा ०.८७ ने मार खातो, म्हणून तीन-चतुर्थांश.

फ्रिजचं उलट का? फ्रिजच्या मोटरचा करंट मुळात मागे असतो, समजा ४५ अंश. सीटीने त्याला ३० अंश पुढे ढकलला, तर बोर्डाला वाटतं की तो फक्त १५ अंश मागे आहे. पॉवर फॅक्टर ०.७ वरून ०.९७ ला गेला. करंट ०.८७ ने कमी झाला तरी एकूण पॉवर सुमारे १९ टक्के वाढली. ११८ चे १४०. तुमचा आकडा तंतोतंत बसला की हो!

तेव्हा सीटीचा जबडा उघडून बघा. गणपतीच्या सुमारास काय झालं होतं घरात?

---

उगाच उद्योगी | सोमवार, सकाळी ८:१५

काका. गणपतीच्या आधी घराला रंग दिला होता.

---

चिमटाबाई | सोमवार, सकाळी ८:१७

🤣🤣 पुट्टी!

---

पणजीचा पंखा | सोमवार, सकाळी ८:४०

टेस्टरकाका, दंडवत. कालचा माझा प्रतिसाद मागे घेतो. (पीझेम मागे घेत नाही.)

---

निवृत्त टेस्टर | सोमवार, सकाळी ९:०५

उघडताना एक पथ्य. आधी सीटी वायरवरून काढायचा, मगच त्याची पिन बोर्डातून. उलट क्रमाने नको. सीटीची टोकं मोकळी आणि वायरमध्ये करंट चालू असला तर टोकांवर व्होल्टेज चढतं. तुमच्या या छोट्या सीटीत संरक्षणासाठी झेनर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा डायोड) असतो, पण ही सवय मोठ्या सीटींवर जीव वाचवते, म्हणून छोट्यालाही तीच लावून घ्यावी.

दुसरं, मीटरच्या पेटीत हात घालू नका, सीलला तर मुळीच नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम १३८ मीटरशी छेडछाडीसाठीच आहे. सीटी बसवायचा तो मीटरच्या पुढे, आपल्या मेन स्विचकडे येणाऱ्या वायरवर. ही वायर मेन खाली केला तरी जिवंतच असते, विसरू नका. त्यामुळे इन्सुलेशन शाबूत आहे ना ते आधी बघा.

---

न्यू जर्सीचे नाना | सोमवार, सकाळी १०:३०

इकडे अवांतर विचारतो. आमच्याकडे घरात दोन पाय (जिवंत तारा) येतात, प्रत्येकी १२० व्होल्ट, दोघांत मिळून २४०. ६० हर्ट्झ. मी दोन सीटी लावलेत पण व्होल्टेज सेन्सर एकच. एक सीटी उणे वॅट दाखवतो. घर वीज विकतंय असं दिसतं, बिल मात्र येतंच आहे!

---

चिमटाबाई | सोमवार, सकाळी ११:०२

नाना, दोन्ही पाय एकमेकांच्या बरोबर उलट लाटेत असतात. एका सीटीचं तोंड फिरवा, झालं. दोन्ही पायांचं व्होल्टेज अगदी सारखं नसतं, त्यामुळे एका सेन्सरवर थोडी चूक राहील. ती चालवून घ्या नाहीतर दुसरा सेन्सर घ्या.

इथल्यांसाठी: सोलर असलेल्यांनी मात्र उणे वॅट दिसले म्हणून घाईने सीटी फिरवू नये. रात्री बघा. रात्री उणे असेल तर सीटी उलटा.

---

उगाच उद्योगी | सोमवार, रात्री ८:४५

अपडेट!

जबडा उघडला. दोन्ही फेराइटच्या तोंडावर पांढरी पूड, आणि एका कडेला खसखशीएवढा वाळलेला पुट्टीचा खडा. त्यामुळे जबडा केसभर उघडा राहत होता. क्लिप मात्र "टक" वाजून लागत होती, म्हणून कधी शंका आली नाही. रंगाऱ्याने भिंत घासताना सीटी काढून ठेवला असणार आणि परत लावला असणार. बिचाऱ्याने नीट जागेवर लावला, बाणाच्या दिशेसकट. याबद्दल त्याला पैकीच्या पैकी.

सुक्या फडक्याने आणि मग थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. घासपेपर लावला नाही. आत्ता गीझर: २२८ व्होल्ट, ८.५२ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.९९, १९२३ वॅट.

कपॅसिटरचाही निकाल लागला. त्याचा एक पाय नुसता टेकून होता, सोल्डरमध्ये गोल तडा. नखाने हलवला की ग्राफ नाचत होता. नवीन लावला. आता सगळं बंद असताना ०.०५ अँपिअर. ते शून्य करता येईल का?

---

चिमटाबाई | सोमवार, रात्री ९:१०

नाही, आणि नाद सोड. ईएसपी३२ चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२ बिटांचा. ३.३ व्होल्टचे ४०९६ तुकडे, म्हणजे एक पायरी ०.८ मिलिव्होल्ट. तुझ्या ४७ ओहमवर आणि २००० वेढ्यांवर एक पायरी म्हणजे ३४ मिलिअँपिअर. तू दीड पायरीवर आलायस. १०० अँपिअरच्या सीटीने मोबाइलचा चार्जर मोजायचा म्हणजे धान्याच्या काट्यावर वेलदोडा तोलणं.

एक विचारायचं राहिलं, सीटी आणि झेडएमपीटी कुठल्या पिनांवर आहेत?

---

उगाच उद्योगी | सोमवार, रात्री ९:१४

३४ आणि ३५.

---

चिमटाबाई | सोमवार, रात्री ९:२०

छान. एडीसी-१ वर आहेस. कोणी नवीन वाचत असेल तर: ईएसपी३२ चा एडीसी-२ वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. मी पहिल्या बोर्डावर २५ नंबरची पिन घेतली होती. कोड टेबलावर चालायचा आणि वाय-फाय जोडलं की मुका. दोन रविवार गेले त्यात.

---

पणजीचा पंखा | सोमवार, रात्री ९:४५

मग बाहेरचा चांगला एडीसी लावावा की, एडीएस१११५. १६ बिट.

---

चिमटाबाई | सोमवार, रात्री ९:५८

बिट आहेत, वेग नाही. सेकंदाला जास्तीत जास्त ८६० नमुने. ५० हर्ट्झच्या एका लाटेला १७. ते व्होल्टेज आणि करंटमध्ये वाटले की आठ-आठ. गीझरला पुरतील, पण आजकालच्या एलईडी आणि चार्जरचा करंट म्हणजे लाटेच्या टोकावर एक बारीक सुळका असतो. आठ नमुन्यांत तो सुळका निसटतो.

---

निवृत्त टेस्टर | मंगळवार, सकाळी ६:४०

दुरुस्ती झाली. आता कॅलिब्रेशन. इथे लोक सर्रास करतात ती चूक सांगतो: आकडा कशाशी जुळवायचा हेच ठरवलेलं नसतं. गीझरवर २००० वॅट छापलंय म्हणून २००० ला जुळवतात. अहो, ते २३० व्होल्टला, आणि एलिमेंटमध्ये कमी-जास्त असतंच. छापील आकड्याला जुळवणं म्हणजे पत्रिकेवरून वजन सांगणं.

तुमच्या घरात सर्वांत खरं बोलणारं यंत्र भिंतीवरच आहे. वीज मीटर. घरगुती मीटर क्लास १.० चा असतो, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो, शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुकी. बहुतेक सिंगल फेज मीटरवर ३२००. तुमच्यावर काय आहे ते वाचून घ्या.

३२०० असेल तर हिशोब सुरेख बसतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागिले ३२००, एका लुकलुकीला ११२५ जूल. म्हणजे ११२५ वॅट चालू असतील तर दर सेकंदाला एक. वॅट काढायचे तर ११२५ गुणिले लुकलुकी, भागिले सेकंद.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, डोळ्यांनी मोजू नका. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणा. शंभर मोजायच्या तर दिवा १०१ वेळा लागलेला हवा. अनुभवी माणसंही इथे एकाने चुकतात.

क्रम असा ठेवा: आधी व्होल्टेज, मग फेज (व्होल्टेज आणि करंटच्या लाटांतलं अंतर), सगळ्यात शेवटी करंट. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. घरातलं बाकी सगळं बंद. फ्रिजसुद्धा, नाहीतर तो मध्येच सुरू होऊन तुमची पंधरा मिनिटं खाईल. आणि बोर्डाचा आकडा त्याच मिनिटाचा घ्या. गीझर लागला की व्होल्टेज उतरतं, त्यामुळे आधीचा चालणार नाही.

---

मिक्सरचं भांडं | मंगळवार, सकाळी ७:३०

वाचतेय. यातलं अर्धं कळत नाही पण रंगाऱ्याची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

---

चिमटाबाई | मंगळवार, सकाळी ९:३०

व्होल्टेजसाठी दोन गोष्टी. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिलेत की ३.३? त्यावर एलएम३५८ हा अॅम्प्लिफायर असतो. त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या दीड व्होल्ट खालीच अडकतं. ३.३ दिले तर १.८ च्या वर जातच नाही, लाटेचा वरचा भाग सपाट कापला जातो. आणि ५ दिले तर मधला बिंदू २.५ वर येतो, मग ईएसपीच्या ३.३ च्या छतापर्यंत फक्त ०.८ उरतात, शिवाय वरच्या टोकाला त्याचा एडीसी वाकडा चालतो. म्हणून निळ्या स्क्रूने लाट लहान करायची, अर्ध्या व्होल्टपर्यंत पुरे.

कापली गेलीय का हे ऑसिलोस्कोपशिवाय बघायचं तर दोनशे नमुने सिरीयलवर छापून एक्सेलमध्ये ग्राफ काढ. डोंगरमाथा गोल हवा. पाचगणीचं टेबललँड दिसलं तर गडबड.

कापलेल्या लाटेवर कॅलिब्रेशन केलं तर ते त्या एकाच व्होल्टेजला खरं ठरतं. २३० ला जुळलेलं संध्याकाळी २०५ ला चुकतं.

जुळलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. तो स्क्रू श्वासानेही हलतो.

---

उगाच उद्योगी | मंगळवार, रात्री १०:५०

५ व्होल्ट दिलेत. ग्राफ काढला, माथा गोल आहे, देवाची कृपा. नेलपॉलिश बहिणीचं, रंग मरून.

व्होल्टेज: मीटरच्या पडद्यावर बटण दाबलं की व्होल्ट येतात हे मला आज कळलं! मीटर २३१, माझा मल्टिमीटर २३१, बोर्ड २२८. आकडा त्या प्रमाणात वाढवला. नंतर नऊ वाजता व्होल्टेज २१८ ला आलं तेव्हाही दोन्ही जुळत होते.

मीटरवर ३२०० लिहिलंय. गीझरच्या शंभर लुकलुकी ५६.६ सेकंदांत. म्हणजे १९८८ वॅट. बोर्ड म्हणतो १९४८, पॉवर फॅक्टर ०.९९. आता फेज सरकवून पॉवर फॅक्टर १.०० केला की झालं ना?

---

निवृत्त टेस्टर | बुधवार, सकाळी ६:३०

थांबा! गीझरवर फेज जुळवू नका.

कोसाइनचा डोंगर माथ्यावर सपाट असतो. शून्याच्या आसपास पाच अंशांची चूक असली तरी पॉवर फॅक्टर ०.९९६ दिसतो. तुम्हाला वाटेल जुळलं, आणि पाच अंश तिथेच बसून राहतील. उतारावर या. पॉवर फॅक्टर ०.५ असलेल्या लोडवर एका अंशाच्या चुकीने वॅट ३ टक्के हलतात. तिथे चूक लपूच शकत नाही.

घरात जुनी ट्यूबलाइट आहे का? इलेक्ट्रॉनिक नव्हे, तांब्याच्या जड चोकची. बिनकपॅसिटरची चोकवाली ट्यूब म्हणजे पॉवर फॅक्टर जवळजवळ ०.५. आमच्या वेळी फुकटात मिळणारं प्रमाण-उपकरण!

---

उगाच उद्योगी | बुधवार, सकाळी ८:००

गोठ्यात आहे एक. पण ती अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. माझ्या १०० अँपिअरच्या सीटीला ती दिसणार कशी?

---

निवृत्त टेस्टर | बुधवार, सकाळी ८:२५

दहा वेढे द्या. जुन्या एक्स्टेंशनची वरची साल काढा, आतली फेजची (जिवंत) एकटी वायर सीटीच्या भोकातून दहा वेळा ओवा. सीटीला दहापट करंट दिसेल. फेजची एकटीच बरं का. दोन्ही वायरी एकत्र ओवल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि उत्तर शून्य येतं.

---

चिमटाबाई | बुधवार, सकाळी ८:४०

१३ मिमीचं भोक आहे. पाऊण चौरस मिमीची वायर दहा वेढे बसेल. जबडा बंद करताना वायर चिमटीत आली तर पुन्हा पुट्टीचीच गोष्ट होईल, लक्ष दे. आणि हे सगळं मेन बंद करून.

---

उगाच उद्योगी | गुरुवार, रात्री ९:२०

काल सगळं घर अंधारात. आई मेणबत्ती घेऊन म्हणाली, "वीज मोजायला वीज घालवली."

बोर्ड आणि वाय-फाय पॉवरबँकवर. मीटरवर फक्त ट्यूब. (झेडएमपीटी जोडलेला होता, पण तो नगण्य.) २० लुकलुकींना ७ मिनिटं ३६ सेकंद. म्हणजे ४९.३ वॅट. दहा वेढ्यांनी बोर्डावर ४९३ यायला हवे होते.

बोर्डावर आले ६०४. पॉवर फॅक्टर ०.६२.

गीझरवर एक टक्का वाटणारी फेजची चूक इथे २२ टक्के! तोंडात बोट घातलं. इमॉनलिबच्या उदाहरणातला फेजचा १.७ हाच आकडा मी तीन वर्षं तसाच ठेवला होता. तो थोडा थोडा वाढवत गेलो, दर वेळी २० लुकलुकी, साडेसात-साडेसात मिनिटं. ट्यूबखाली डास. शेवटी ४९० ला टेकलो.

मग वेढे सोडून सीटी मेनवर, गीझर लावला: १९६८, पॉवर फॅक्टर १.००. मीटर १९८८. करंटचा आकडा ४२.५ चा ४२.९ केला. आता बोर्ड १९८७.

पुन्हा दहा वेढ्यांची ट्यूब: ४९६. मीटर ४९३. फ्रिज: बोर्ड ११९, प्लगवाला ११८.

काका, ४२.९! तुमच्या ४० ते ४५ च्या आत.

---

निवृत्त टेस्टर | शुक्रवार, सकाळी ६:४५

शाब्बास. आता हात लावू नका. पुढचा दशांश शोधायला जाल तर तुम्ही मीटरचीच चूक मोजत बसाल.

---

पणजीचा पंखा | शुक्रवार, सकाळी ११:१०

हे वाचून मी पण शहाणपणा करायला गेलो. माझा एक वीज मोजणारा स्मार्ट प्लग मध्येच बंद-चालू होतोय, रिले (आतला स्विच) टक-टक करतो. उघडलाय. यूएसबी लावून प्रोग्रॅम बघू का?

---

चिमटाबाई | शुक्रवार, सकाळी ११:१२

नको!! हात काढ.

अशा प्लगमध्ये बीएल०९३७ किंवा एचएलडब्ल्यू८०१२ जातीची चिप असते आणि बहुतेकांत ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण नसतं. बोर्डाचा ग्राउंड हाच मेनचा तार असतो. भिंतीत लावून यूएसबी जोडलीस तर लॅपटॉप, यूएसबी आणि तू, तिघेही २३० वर. प्रोग्रॅम करायचाच असेल तर भिंतीतून पूर्ण काढून, बाहेरून ३.३ व्होल्ट देऊन.

तुझा आजार बहुधा वेगळाच आहे. पिवळा चौकोनी कपॅसिटर दिसतोय का, एक्स२ (थेट मेनवर चालणारी जात) लिहिलेला? काही प्लगांत त्यातूनच बोर्डाचा पुरवठा होतो. तो सर्ज झेलताना आतून स्वतःला थोडा थोडा जाळून वाचवतो आणि दर वेळी लहान होत जातो. ०.३३ मायक्रोफॅरड लिहिलेला माझ्याकडे ०.१२ निघाला होता. पुरवठा अपुरा, रिले ओढली की बोर्ड रीसेट. दहा-वीस रुपयांचा भाग. पण एक्स२ च लाव, दिसायला तसा असलेला दुसरा नाही. मोजायच्या आधी तो डिस्चार्ज कर. पुण्याचं कोणी येणार असेल तर तपकीर गल्लीतून मागव.

---

पणजीचा पंखा | रविवार, दुपारी ४:००

०.१४ निघाला. बदलला. प्लग जिवंत. तुला मासे पाठवतो.

---

उगाच उद्योगी | पुढचा शुक्रवार, रात्री ९:३०

आठवड्याचा हिशोब. मीटरवर ४१.३ युनिट, बोर्डावर ४०.९. एक टक्क्याच्या आत. सीटीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्यावर चिठ्ठी लावलीय: "रंगारीदादा, याला हात लावू नका."

पण आता खरे आकडे दिसायला लागल्यावर नवीनच प्रश्न पडलाय. रात्री अडीचला सगळे झोपलेले असताना, फ्रिज बंद असताना, ४४ वॅट सतत कोण खातंय? सेट-टॉप बॉक्स काढून ठेवला, राउटर काढला, तरी ३० उरतात.

---

निवृत्त टेस्टर | पुढचा शनिवार, सकाळी ६:३५

घरात इन्व्हर्टर आहे का?

---

उगाच उद्योगी | पुढचा शनिवार, सकाळी ७:०२

आहे. बॅटरी सहा वर्षांची.

---

निवृत्त टेस्टर | पुढचा शनिवार, सकाळी ७:०५

दहा वेढे त्याच्या वायरीला घाला.